कूलंटचा रंग नको, डब्याची मागची बाजू बघा

माजलगावहून मानवत-परभणीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 पाथरीतून जातो. उन्हाळा लागला की या रस्त्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "भाऊ, एक लिटर हिरवं कूलंट द्या." गाडी कोणती, हे घेणारा सांगत नाही आणि देणाराही विचारत नाही. टाकीत हिरवं दिसलं की हिरवं, लाल दिसलं की लाल. वर सल्लाही मिळतो, "हिरवं साधं असतं, लाल भारी." मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात इंजिनाचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे, ती वस्तू लोक रंगावरून विकत घेतात. हे ऐकून ऐकून आता वैताग आला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गैरसमज : रंग एक म्हणजे कूलंट एक

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. दोन्ही बिनरंगी. रंग कंपनी वरून घालते. गळती झाली तर चटकन दिसावी, हा त्यामागचा एक हेतू. अमुक रसायनाला अमुकच रंग द्यावा, असा सगळ्या कंपन्यांना बांधील नियम नाही.

खरा फरक असतो तो त्यात मिसळलेल्या गंजरोधकांत. प्रमाणाने ती थोडी, पण इंजिनातलं लोखंड आणि रेडिएटरचं ॲल्युमिनियम तीच सांभाळतात. त्यांवरून ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला जुना, अकार्बनी प्रकार. यात सिलिकेट, फॉस्फेट अशी द्रव्यं असतात. ती धातूवर सगळीकडे पटकन थर धरतात, पण लवकर संपतात. त्यामुळे साधारण दोन वर्षांत कूलंट बदलावं लागतं. दुसरा सेंद्रिय आम्लांचा. ही आम्लं जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात, म्हणून हळू खर्च होतात आणि पाच वर्षांच्या आसपास टिकतात. तिसरा या दोघांचा मिलाफ, म्हणजे हायब्रिड. आजच्या बऱ्याच गाड्यांत हाच असतो, आणि घोळही इथेच होतो.

टोयोटाचं दीर्घ मुदतीचं कूलंट गुलाबी. त्यात फॉस्फेट असतं, आणि सिलिकेट नसलेलंच कूलंट वापरा, असं टोयोटाचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. फोक्सवॅगनचं जी-12 प्लस-प्लस हेही गुलाबी-जांभळंच. त्यात सिलिकेट आहे आणि फॉस्फेट नाही. डोळ्यांना सारखी दिसणारी ही दोन कूलंट रसायनाने उलट टोकांची आहेत. पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानून दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्यांत दोन्ही कंपन्यांच्या गाड्या असतात. वाटेत टाकी भरताना रंग जुळवला, तर चूक होणारच.

हा समज आला कुठून, तेही समजण्यासारखं आहे. जुन्या काळी बहुतेक कूलंट हिरवंच असायचं. शिवाय एका कंपनीपुरता रंगाला अर्थ असतो. सुझुकीचं हिरवं कमी मुदतीचं, निळं जास्त मुदतीचं. कंपनी बदलली की तो अर्थ संपला. आणि "लाल भारी" म्हणणाऱ्यांसाठी : टोयोटाचं लाल हे आधीचं, कमी मुदतीचं. गुलाबी नंतर आलं.

चुकीचं मिसळलं तर काय होतं? गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की काही बिघडलं नाही. पण गंजरोधकांचा मेळ बसत नाही. पाच वर्षं टिकणारं कूलंट लवकर निकामी होतं, आणि काही मिश्रणांत साका धरून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

आपल्याकडे यात पाण्याची भर पडते. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तो घरोघरी पाहिलेला आहे. तेच क्षार कूलंटमधल्या फॉस्फेटशी मिळून घट्ट थर बनवतात. युरोपातल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं, त्यामागे तिथलं जड पाणी हे एक कारण होतं. तेव्हा कूलंट पाणी घालून वापरायचं असेल, तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणीच घ्या.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?* गंज थांबवायला आणि उकळी लांबवायला. साधारण 1 बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण जवळपास 130 अंशांना.

*पाणी न घालता नुसतं कूलंट ओतलं की इंजिन जास्त थंड.* उलट. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मात्र डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल, तर त्यात पाणी आधीच आहे. आणखी घालू नका.

*थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही.* तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर लागतो, इंधन जास्त जातं आणि झीज वाढते.

*कूलंट थोडंफार कमी होतच असतं.* ही बंद यंत्रणा आहे. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधा.

*काढलेलं कूलंट गटारात सोडलं तरी चालतं.* अजिबात नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. दारातली शेळी, कुत्रं किंवा लहान मूल ते चाटू शकतं.

मग विकत घेताना काय बघायचं?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात कूलंटचा प्रकार दिलेला असतो. मग डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचा. आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 असं मानक दिलं आहे का, सिलिकेट-फॉस्फेटबद्दल काय म्हटलं आहे आणि मुदत किती, ते बघा. टाकीत आधी काय आहे हेच ठाऊक नसेल, तर वरून भर घालत बसू नका. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सगळं काढून, यंत्रणा धुऊन नवं भरा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

आणि एक विनंती. कूलंट भरून झालं की त्याचं नाव आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावा. पुढचा मिस्तरी मग रंग न बघता नाव वाचेल.