भाताच्या मुळांचा मागोवा

भिवंडी तालुक्याची ओळख आता यंत्रमागांची आणि गोदामांची अशी झाली असली, तरी कामवारीच्या आणि उल्हास खाडीच्या अंगाला जी भातखाचरे अद्याप शाबूत आहेत, त्यांतील लावणीला महिना लोटलेले एखादे चूड मुळासकट उपटून पाण्यात खळबळून पाहिले, तर मुळांच्या जुन्या भागावर गंजासारखा तांबूस लेप चढलेला आणि टोकाचा कोवळा अंश मात्र पांढराशुभ्र राहिलेला दिसतो. या लेपाचा आणि या टोकाचा उलगडा होण्यास विज्ञानाला सुमारे दोन शतके लागली.

आरंभ १८०६ साली झाला. इंग्लंडातील टॉमस नाइट याने ओढ्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या चाकावर बिया रुजवल्या, आणि फिरण्याच्या ओढीला अनुसरून मुळे चाकाबाहेर व कोंब मध्याकडे वळतात हे दाखवून, मुळाला खाली नेते ते गुरुत्वाकर्षणच, हे सिद्ध केले. पुढे १८८० साली चार्ल्स डार्विनने पुत्र फ्रान्सिसच्या साहाय्याने लिहिलेल्या ग्रंथात, दिशा ओळखण्याची शक्ती मुळाच्या टोकात वसते आणि वाकण्याची क्रिया त्याच्या मागे घडते, असे प्रतिपादन केले. जर्मनीतील तत्कालीन पंडितांना ते मानवले नाही, परंतु काळाने निवाडा डार्विनच्या बाजूने दिला. १९०० साली हाबरलांट व नेमेट्स यांनी टोकाच्या टोपीतील पेशींत तळाशी बसणाऱ्या पिष्टकणांकडे बोट दाखवले, आणि १९२० नंतरच्या दशकात खोलोद्नी व वेन्ट यांनी वाकण्याचे श्रेय ऑक्सिन या संप्रेरकाच्या विषम वाटपाला दिले.

पण हुकूम सुटणे वेगळे आणि त्याची तामिली होणे वेगळे. पेशीच्या आत ऑक्सिनची दखल कोण घेते, याचे उत्तर २००५ साली मिळाले: ऑक्सिन एका विशिष्ट प्रथिनाला बिलगते, त्यामुळे जनुकांना रोखून धरणाऱ्या प्रथिनांची विल्हेवाट लागते आणि अडवलेली जनुके कामाला लागतात. एवढा मोठा कारभार केवळ एक अटकाव दूर करून चालावा, ही मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी भातातील असे एक जनुक हुडकले की, ऑक्सिनच्या इशाऱ्याने चालणारे ते जनुक निकामी झाल्यास बुंध्याच्या पेरांतून फुटणारी मुळे उगवतच नाहीत. आवण उपटताना जुनी मुळे तुटतात, लावलेले रोप काही दिवस पिवळे पडून राहते, आणि मग त्याने जीव धरला असे शेतकरी समाधानाने म्हणतो, तेव्हा बुंध्याशी हीच नवी मुळे फुटलेली असतात.

आता तो तांबूस लेप. चिखलणी केलेल्या खाचरात पाण्याखाली प्राणवायू जवळजवळ उरत नाही. म्हणून मुळाच्या सालीतील काही पेशी ठरल्या क्रमाने मरण पत्करून हवेसाठी पोकळ्या मोकळ्या करतात, पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून खाली उतरतो, आणि त्याचा जो अंश बाहेर झिरपतो त्याने चिखलातील विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन मुळावर बसतो.

खाडीकाठच्या खार जमिनींत संकट मिठाचे. बांध आणि उघाड्या यांच्या बंदोबस्तासाठी मुंबई सरकारने १९४८ साली स्वतंत्र कायदा केला. परंतु बांधाआडही जो क्षार उरतो, त्याचा बंदोबस्त पेशींनाच करावा लागतो. बंगालच्या नोना बोकरा या जुन्या वाणातील एक जनुक पानांकडे निघालेल्या रसातून सोडियम वाटेतच काढून घेते, हेही २००५ सालीच उघड झाले. आपल्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्याच्या कितीतरी आधी काळा राता व भुरा राता हे लाल तांदळाचे खारसोशीक वाण निवडून काढले होते.

२०१३ साली जपानी संशोधकांनी फिलिपिन्समधील एका वरकस वाणातील जनुक आय.आर. ६४ या भातात आणले, तेव्हा त्याची मुळे अधिक खोल गेली आणि अवर्षणातही पीक बरे हाती आले. पाऊस मध्येच दडी मारतो त्या आपल्या मुलखाला या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणी व लावणी दोन्ही टाळून, कापणीनंतरची मुळे गादीवाफ्यातच कुजू देतात.

भिवंडीच्या खाचरांवर मुरुमाचा भराव वेगाने पडत आहे. ज्या घरांत खाऱ्या भाताचे जुने बियाणे अद्याप कणगीत असेल, त्यांनी ते यंदा पेरून राखावे आणि त्यातले पसाभर पनवेलच्या केंद्राकडे पोहोचवावे, ही कळकळीची विनंती.