पाच सेंटचं नाणं, तेराचा खर्च!

अमेरिकेतल्या चिल्लरची नावं बघा. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, डाइम म्हणजे दहावा, क्वार्टर म्हणजे पाव. सरळ हिशोब!

5 सेंटच्या 'निकेल'ला मात्र धातूचं नाव मिळालं. जर्मन खाणकामगारांना एक खनिज तांब्यासारखं दिसायचं, पण त्यातून तांबं काही निघायचं नाही. ही भुताचीच करणी, म्हणून ते त्याला 'कुप्फरनिकेल' म्हणायचे.

गंमत म्हणजे 2024 मध्ये हे 5 सेंटचं नाणं पाडायला 13 सेंटपेक्षा जास्त खर्च आला. सरकारला हे झेपतं. तुम्हाला झेपेल का? गल्ला भरलेला दिसतो, पण नफा निघतो का? भाव ठरवण्याआधी कच्चा माल, पॅकिंग, लाइटबिल आणि स्वतःची मजुरी आजच वहीत मांडा.