रमने सर्दी जाते का?

गेल्या हिवाळ्यात नववीतला एक कॅडेट नाक पुसत एम. आय. रूममध्ये आला. तोंडातला थर्मामीटर काढताच त्याने विचारले, "सर, माझे आजोबा सुभेदार होते. ते म्हणतात, गरम पाण्यात दोन चमचे रम घेतली की सर्दी पळते. खरं आहे का?"

मला हसू आले, पण लगेच उत्तर देता आले नाही. माझी आजीही लहानपणी मला चमचाभर ब्रँडी मधातून चाटवायची आणि मला बरे वाटायचे.

बरे वाटते हे खोटे नाही. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब जाणवते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निसटत असते. बर्फातल्या पोस्टवर हे फार महागात पडू शकते.

पण खरी गोष्ट रक्ताच्या आत घडते. जंतू शिरले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सर्वांत आधी धावतात. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिच्यातून पार होऊन जागेवर पोहोचतात. दारूमुळे हे चिकटणेच ढिले पडते आणि कुमक उशिरा येते. फुप्फुसातल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, जंतू गिळण्यात मंदावतात. सर्दी स्वतः विषाणूची, आपोआप जाणारी. भीती असते ती तिच्या मागून येणाऱ्या न्यूमोनियाची.

यासाठी रोज पिणाराच असावा लागतो असे नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १५ निरोगी तरुणांना चार-पाच छोटे पेग व्होडका देऊन त्यांचे रक्त तपासले गेले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नशा चढल्यावर वीस मिनिटांनी प्रतिकारयंत्रणा उलट जास्त चेतलेली दिसली. मात्र दोन आणि पाच तासांनी घेतलेल्या रक्तात मोनोसाइट आणि 'नॅचरल किलर' पेशी कमी झाल्या होत्या.

आता दुसरी बाजू, दाहाची. आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि आतड्याची भिंत त्यांना आत अडवून ठेवते. दारू त्या भिंतीचे सांधे सैल करते. जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तातून थेट यकृतात जातात. तिथल्या कुप्फर पेशींना हल्ला झाल्यासारखे वाटते आणि त्या दाह पेटवणारी रसायने सोडतात. हे रोज घडले तर यकृत सुजते, मग त्यात व्रण धरतात, शेवटी सिऱ्हॉसिस. म्हणजे वेशीवरचा संत्री डुलक्या घेतोय आणि आत बरॅकमध्ये खोट्या अलार्मवर गोळीबार चालू आहे!

युनिटमध्ये असताना माझ्याकडे एक नाईक आला होता. धावण्यात कंपनीत पहिला, रोज संध्याकाळी 'फक्त दोन' मोठे पेग. न्यूमोनियाने त्याला तीन आठवडे खाटेवर ठेवले. तो वाचला, पण "साहेब, मी तर फिट होतो" हे त्याचे वाक्य मी विसरलो नाही. रमचे दोन मोठे पेग म्हणजे सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज याहून जास्त पिणाऱ्यांत क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला आहे. स्नायू कितीही कमावलेले असोत, पांढऱ्या पेशींना त्याचा पत्ता नसतो.

पालकांना एक विनंती. लहान मुलाला ब्रँडीचा चमचाही देऊ नका. मुलांच्या रक्तातली साखर अल्कोहोलने झपाट्याने उतरू शकते.

त्या कॅडेटला मी सांगितले, "आजोबांच्या औषधात काम करतं ते गरम पाणी." वाफ घेऊन तो वर्गावर गेला. सुट्टीवरून परतल्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आजोबांनी गरम पाणी मान्य केलंय. रमवर अजून बोलणी चालू आहेत."