पावसाळी मुलखात विणकामाची खोली

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे आज लोहमार्गावर एकापुढे एक वसलेली शहरे झाली असली, तरी त्यांच्या पाठीशी असलेल्या खेड्यांत भाताची शेती अद्याप होते आणि तेथील घरांचे वेळापत्रक आजही आवणी व कापणी यांवरच बेतलेले असते. या घरांतून सुयांवर विणण्याचा छंद पुष्कळ स्त्रियांना आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यानंतर महिला मंडळांतून शिवण व विणकाम यांचे वर्ग चालविण्याचा प्रघात पडला. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर व मोजे विणून पाठविले. उल्हासनगर तर मूळचे कल्याणचे लष्करी कॅम्प. फाळणीनंतर तेथे आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपले भरतकाम व सुईकाम बरोबर आणले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला हल्लीचे नाव मिळाले. तेव्हा या भागात ही कला नवी नाही. परंतु तिची साधने व अर्धवट विणलेली कामे ठेवण्याची रीत मात्र बहुतेक घरांत सदोष आढळते, आणि त्यामुळे दरवर्षी बरीच लोकर व त्याहून अधिक श्रम वाया जातात.

हे नुकसान मुख्यतः हवेमुळे होते. लोकर हा ओलावा शोषणारा पदार्थ आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यातील हवेची आर्द्रता पुष्कळ वेळा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशी तर ७० टक्क्यांच्या आसपासच धरू लागते. ज्या घरात भाताचे बियाणे ओलीपासून जपण्यासाठी कणगीखाली फळ्या घालण्याची दक्षता घेतली जाते, त्याच घरात लोकरीचे गुंडे भिंतीला टेकलेल्या गाठोड्यात चार महिने पडून राहतात, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

लोकर खरी की बनावट

दुकानात ‘लोकर’ म्हणून जे विकले जाते त्यातील बराच भाग मेंढीच्या लोकरीचा नसून अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचा असतो. त्यात फसवणूकच असते असे नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असते, धुण्यास सोपे असते आणि त्याला कसर लागत नाही. परंतु आपण काय विणीत आहो हे विणणारीस ठाऊक असावयास पाहिजे. वीतभर धागा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, उघड्यावर जाळून पाहावा. खरी लोकर मंद जळते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे जळते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याची कठीण काळी गोळी होते. वितळलेला धागा कातडीस चिकटतो. म्हणून चुलीपाशी वावरणाऱ्या स्त्रीसाठी किंवा शेकोटीजवळ बसणाऱ्या मुलासाठी अ‍ॅक्रिलिकचा सैल, लोंबत्या झालरीचा कपडा विणू नये.

भाताची कापणी झाल्यावर घाटावरून धनगरांचे कळप कोकणात उतरतात व खतासाठी शेतात बसविले जातात. त्या दख्खनी मेंढ्यांची लोकर वापरता येईल काय, असा प्रश्न शेतकरी स्त्रिया विचारतात. ही लोकर जाड व राठ असते. घोंगडीसाठी ती उत्तम होय, आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसातही टिकाव धरते. पण अंगालगतच्या स्वेटरसाठी ती टोचते. आसन किंवा पायपुसणे विणून पाहण्यास हरकत नाही.

सुयांवर कोणती कामे असावीत

हौशी विणणारीच्या पिशवीत बहुधा पाच-सहा कामे एकाच वेळी निघतात: नातवाचे झबले, धन्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, एक मोजा, कोणी तरी दाखविलेल्या नव्या विणीचा वीतभर नमुना. उत्साह ओसरला की त्यांतील निम्मी तशीच राहतात, सुया त्यांत अडकून पडतात आणि नव्या कामासाठी पुन्हा सुया विकत घ्याव्या लागतात. दोनच कामे हाती असावीत, एक घरचे व एक प्रवासाचे. बदलापूरपासून मुंबईपर्यंतचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर असून लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो. नोकरीसाठी किंवा भाजी घेऊन जाणाऱ्या स्त्रिया महिलांच्या डब्यात भाजी निवडतात, तशाच विणतातही. प्रवासाचे काम लहान व सरळ विणीचे असावे, मोजे, कानटोपी यांसारखे. गर्दीत लांब सुयांचे टोक शेजारणीस लागण्याचा संभव असतो. तेथे आखूड सुया किंवा क्रोशाची एक सुई अधिक सोयीची. ज्यात टाके मोजावे लागतात असे नक्षीचे काम घरीच ठेवावे.

कामाचा काळही शेतीच्या कामाशी जुळविला पाहिजे. थंडीचा कपडा थंडी पडल्यावर सुरू करणे ही सर्वसाधारण चूक होय. डिसेंबर-जानेवारीत बदलापूरकडील पहाट मुंबईहून बरीच गार असते. पण त्याच्या आधीचे दोन महिने कापणी, झोडणी व दिवाळी यांत जातात. म्हणून घरच्या माणसांचे स्वेटर मार्च-एप्रिलच्या मोकळ्या दिवसांत विणून ठेवावेत. ऐन आवणीच्या दिवसांत विणकाम न केलेले बरे. चिखलाने बोटांची कातडी भेगाळलेली असते, धागा त्यांत अडकून फाटतो, आणि भेगांना खोबरेल लावून लगेच विणावयास बसले तर फिक्या रंगावर तेलाचे डाग राहतात.

सुयांच्या क्रमांकाविषयी बराच घोटाळा आढळतो. आपल्याकडे जुनी विलायती पद्धत चालते व तीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलीमीटरची, १० क्रमांकाची ३.२५ मिलीमीटरची, तर १२ क्रमांकाची २.७५ मिलीमीटरची. अमेरिकी नमुन्यांत हा क्रम उलटा असतो. भ्रमणध्वनीवरून आलेला नमुना विणताना म्हणूनच क्रमांक न पाहता मिलीमीटर पाहावेत.

नमुन्याचा तुकडा विणण्याचा कंटाळा केला जातो, त्याचा परिणाम साध्या हिशेबाने समजेल. ९० सेंटिमीटर घेराचा स्वेटर करावयाचा आहे आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतील असे धरून १९८ टाके चढविले. प्रत्यक्षात हात सैल पडून २० च टाके बसले, तर घेर ९९ सेंटिमीटर होतो. अवघ्या दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर नऊ सेंटिमीटरनी ढगळ झाला, आणि हे कळते तेव्हा पाठ विणून झालेली असते. १२ सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग त्याचा मधला भाग मोजावा. लोकर घेतानाही सर्व गुंडे एकाच रंगलॉटचे आहेत ना हे वेष्टनावरील आकड्यावरून ताडून पाहावे; तोच रंग पुढच्या महिन्यात आणला तर एक बाही निराळी दिसते. मोठ्या माणसाच्या पूर्ण स्वेटरला ५०० ते ६०० ग्रॅम, बिनबाह्यांच्या स्वेटरला सुमारे ३५० ग्रॅम आणि तान्ह्या मुलाच्या स्वेटरला १०० ते १५० ग्रॅम लोकर लागते असे समजून थोडी अधिकच घ्यावी.

खोलीची मांडणी

स्वतंत्र खोली प्रत्येक घरी मिळेल असे नाही. मधल्या घराचा एक कोपरा किंवा माळ्याखालची जागाही पुरते. ज्यांच्याकडे धान्याची जुनी खोली रिकामी पडली आहे, त्यांना मात्र ती पाहण्यासारखी आहे, कारण ती बहुधा कोरडी असते. धान्यातील किडीसाठी औषध मारले असल्यास ती प्रथम झाडून व हवा खेळती ठेवून पुरती मोकळी करावी.

जागा निवडताना दिवसाचा उजेड व कोरडी भिंत या दोन गोष्टी पाहाव्यात. उत्तरेकडील खिडकीचा उजेड दिवसभर सारखा राहतो व त्यात रंग खरे दिसतात. काळी किंवा निळी लोकर रात्री विणू नये. न्हाणीघराची किंवा पावसाचा मारा लागणारी पश्चिमेची भिंत टाळावी आणि कपाट कोणत्याही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागून वारा फिरतो. कपाटासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाणे अनेकांस सोयीचे वाटते. तेथे भुशाच्या दाबलेल्या फळीचे स्वस्त कपाट न घेता लोखंडी किंवा साध्या लाकडाचे घ्यावे. दाबलेली फळी ओल धरून फुगते.

सर्वांत खालचा खण रिकामा असावा. उल्हास नदीकाठच्या लोकांस याचे कारण निराळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी या खोऱ्यात पूर आला होता. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून सुमारे हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. काठावरच्या घरांत जमिनीवर ठेवलेली वस्तू प्रथम जाते. पुराच्या गढूळ पाण्यात भिजलेली लोकर ताबडतोब स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत पसरली तर वाचते. गाठोड्यात दोन दिवस राहिली तर वाचत नाही.

साठवणीचे खरे मर्म डबा कोणत्या दिवशी बंद केला यात आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा मे महिन्यातील कोरड्या दुपारी, लोकर ऊन्हात चांगली तापवून व नंतर निववून, बंद केला तर आतील हवा कोरडी राहते. हाच डबा जुलैत भरला तर ओल आत कोंडली जाते, आणि घट्ट झाकण हेच नुकसानीचे कारण होते. पोलादी सुया मेणाचा हात देऊन वेगळ्या ठेवाव्यात. विणकामात अडकवून ठेवलेली पोलादी सुई एका पावसाळ्यात गंजते आणि तिचा तांबूस डाग टाक्यांत कायमचा बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या सुयांना हा धोका नाही. काम थांबविताना टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून सुई मोकळी करणे सर्वांत चांगले.

कसर आणि डांबराच्या गोळ्या

लोकर खाणारी कसर म्हणजे एका लहान पिवळसर पतंगाची अळी होय. पतंग स्वतः काही खात नाही. मादी अंधाऱ्या, न हलविलेल्या कपड्यांत अंडी घालते आणि अळ्या लोकर कुरतडतात. घामाने किंवा अन्नाने मळलेला कपडा त्यांना विशेष प्रिय असतो. म्हणून वापरलेला स्वेटर न धुता ठेवू नये. कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसाने धुवावा, न पिळता पंचात गुंडाळून दाबावा व सावलीत आडवा पसरावा. महिन्यातून एकदा डबा उघडून कपडे झटकावेत. कसर लागलेले काम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंश तापमान राखता येत असेल तर, दोन आठवडे ठेवल्यास अळ्या व अंडी मरतात. कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत आहे, पण तो काडीसारखा वाळलेला असावा. ओलसर पाला बुरशीलाच आमंत्रण देतो, आणि केवळ पाल्याने लागलेली कसर मरत नाही.

डांबराच्या गोळ्यांविषयी ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी घरोघर सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत या गोळ्या कधीही ठेवू नयेत. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मतःच कमतरता असते. अशा मुलाला गोळ्यांच्या वाफेने भरलेले दुपटे किंवा स्वेटर घातल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, आणि नवजात बालकाची कावीळ वाढली तर मेंदूस इजा होऊ शकते. हिवतापावरील प्रायमाक्वीन काही रुग्णांस बाधते तेही याच कमतरतेमुळे. मूल पिवळे दिसू लागले, दूध ओढीनासे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर काढ्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे व कपडे गोळ्यांत ठेवलेले होते हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. आजीने प्रेमाने विणून पेटीत वर्षभर जपलेले झबले बाळंतपणाच्या आधी धुऊन दोन-तीन दिवस ऊन्हात टाकावे आणि गोळ्यांचा वास पुरता गेल्यावाचून वापरू नये. तान्ह्याचे कपडे विणताना गळ्याला लांब नाड्या लावू नयेत. बटणे ओढून पाहावीत.

बचत गटांकडून पुष्कळदा विचारले जाते की, या छंदाचा धंदा होईल काय. मोठ्या माणसाचा एक स्वेटर विणावयास ४० ते ६० तास सहज लागतात, आणि लुधियानाचा यंत्रावर विणलेला स्वेटर बाजारात स्वस्त मिळतो. मजुरीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर मोठ्या कपड्यांत तो जुळत नाही. टोपडी, मोजे, सुती दुपटी यांना ओळखीच्या गिऱ्हाईकांत थोडी मागणी असते. गटाने कर्ज काढून लोकरीचा साठा करण्यापूर्वी अशा वीस-पंचवीस वस्तू विकून पाहाव्यात.