भाकरी, बिरडे आणि वेळेचा हिशेब

तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकट आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या हे शीळफाट्याच्या पंचक्रोशीतल्या आगरी घरांचे पिढीजात जेवण. मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणचा आणि महापेचा रस्ता जिथे येऊन मिळतो, त्या फाट्याभोवती खिडकाळी, देसाई, निळजे अशी गावे आहेत. एकेकाळी ही सगळी भातखाचरांची जमीन होती. आता तिच्यावर उंच इमारती आहेत आणि त्यांत राहणारी बरीचशी माणसे रोज ठाणे, मुंबई किंवा नवी मुंबई गाठतात. फाट्यावरची वाहतूक कोंडी पार करून घरी पोचेपर्यंत रात्र होते आणि त्या वेळी ओट्यापाशी उभे राहायचे त्राण कुणात नसते. इथला स्वयंपाक चवीच्या आधी वेळेत अडतो.

मात्र जुन्या पदार्थांची कृती नीट पाहिली, तर त्यांत लागणारा बराचसा वेळ रांधणाऱ्याचा नसतोच. भिजणे, मोड येणे, वाळणे, वाफेवर शिजणे ही कामे जिन्नस आपापली करत असतात. माणसाला फक्त ती वेळेवर सुरू करून द्यावी लागतात. घरच्या स्वयंपाकाचे मूलभूत कौशल्य कोणते, याचे उत्तर चिरणे किंवा परतणे यांपेक्षा या आगाऊ तयारीत जास्त सापडते.

वालाचे बिरडे हे त्याचे उत्तम उदाहरण. ठाणे-रायगड पट्ट्यात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात. बिरड्यासाठी वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधायचे आणि विसरून जायचे. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की साल बोटांच्या चिमटीत सुटते आणि डाळिंब्या हाती येतात. दीड दिवसाच्या या कृतीत हात गुंततात ते सोलताना, आणि ते काम गप्पा मारत, टीव्ही पाहत होते. सोललेल्या डाळिंब्या डब्यात भरून फ्रीजमध्ये दोन दिवस चांगल्या राहतात, म्हणजे रविवारचे सोलणे मंगळवारच्या रात्रीला कामी येते. मोड येताना दाण्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि त्यातले लोह शरीराला अधिक मिळू लागते; कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही तयार होते. कच्चे वाल मात्र खाऊ नयेत. त्यांतले काही घटक पचनाला बाधक असतात आणि ते नीट शिजवल्यावरच निकामी होतात.

भाकरीचे शास्त्र याहून रंजक आहे. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन या प्रथिनामुळे ताण येतो, म्हणून पोळी लाटता येते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. नुसत्या गार पाण्यात भिजवलेले पीठ थापू गेले की कडा फाटतात. म्हणून उकड काढतात. पाण्याला उकळी आली की मीठ टाकून पीठ घालायचे, ढवळून झाकण ठेवायचे आणि वाफ मुरू द्यायची. साधारण 70 अंशांच्या पुढे तांदळातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव भरून काढतो. उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळली, तर भाकरी मऊ होते. गार झाल्यावर मळलेली चिरते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवण्याची पद्धतही याच कारणाने आली. त्या पाण्याने वरचा पापुद्रा ओला राहून शिजतो, फाटत नाही, आणि आतली वाफ कोंडून भाकरी फुगते. थापण्याचा हात बसायला दिवस लागतात, पण उकड साधली की अर्धी भाकरी साधली. पहिल्या पाच-सहा भाकऱ्यांचे नकाशे झाले तरी चवीत फरक पडत नाही.

ज्वारी-बाजरीला हीच युक्ती सौम्य रूपात चालते, आणि नाचणीला तर चालतेच. मुरबाड-शहापूरकडच्या वरकस जमिनीवर पिकणाऱ्या नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कोणत्याही रोजच्या धान्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे. तांदळाच्या पिठात निम्मी नाचणी मिसळून भाकरी करणे ही आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यांत स्वस्त सुधारणा ठरेल.

प्रेशर कुकरबद्दल गैरसमज फार. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी वाजली म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढेच. पहिल्या शिटीनंतर आच मोठी ठेवल्याने आतले तापमान आणखी वाढत नाही, फक्त गॅस जळतो. डाळ तासभर भिजवली आणि आच मंद केली की काम होते. लवकर शिजावे म्हणून खायचा सोडा टाकण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते.

फोडणीत तेलाचे काम वास आणि रंग वाहून नेण्याचे असते. हळद, हिंग, मिरची यांतले बरेचसे स्वादघटक पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. मोहरी तडतडते ती दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन. ती तडतडली की तेल पुरेसे तापले, तेव्हा आच कमी करून मग हिंग-हळद. यासाठी चमचाभर तेल पुरते. भाजीवर तवंग दिसावा इतके तेल हा चवीचा भाग नसून हॉटेलातून घरात आलेला दिखाऊपणा आहे.

पाऊस सुरू होताना कल्याण-ठाण्याच्या बाजारांत मुरबाड, शहापूरकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात. सुरुवातीला शेवळे येतात, पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात, भाजी भरपूर शिजवतात आणि काकडे नावाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. अळवाला चिंच लागते तीही यासाठीच. ओळख नसलेली रानभाजी विकणारीला विचारल्याशिवाय करू नये. नेमके काय काढायचे आणि किती उकळायचे हे तिच्याइतके कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी-आगरी घरांना आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेले सुके बोंबील, जवळा, सुकट उपयोगी पडतात. याच उन्हाळी बेगमीत वर्षाचा मसालाही कुटून ठेवलेला असतो, कारण दमट हवा सुरू झाल्यावर मिरची वाळणे अशक्य. सुकट कवचासकट खाल्ली जात असल्याने तिच्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. अडचण मिठाची आहे. खारवलेले मासे कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्यावेत आणि कालवणात वेगळे मीठ शेवटी, चाखूनच घालावे. दिवसाला एका माणसाला 5 ग्रॅम म्हणजे सपाट छोटा चमचाभर मीठ पुरे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाणातले मीठही मोजायचे असते.

मग या ताटात कमी काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2,000 कॅलरींच्या दिवसासाठी त्यांत सुचवलेले प्रमाण असे: तृणधान्ये 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर आणि तेल-तूप 27 ग्रॅम. इथल्या जेवणाशी हे ताडून पाहिले तर पदार्थ बदलण्याची गरज दिसत नाही, प्रमाण बदलण्याची दिसते. भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी ही सवय शेतात दिवसभर राबणाऱ्या शरीराला झेपत होती. आठ तास खुर्चीत आणि दोन तास बसमध्ये बसणाऱ्याला ती झेपत नाही. 27 ग्रॅम तेल म्हणजे दिवसाला माणशी सहा छोटे चमचे. चौघांच्या घरात महिन्याला तीन-सव्वातीन किलोंपेक्षा जास्त तेल लागत असेल, तर हिशेब कुठे चुकतो ते शोधावे. बहुधा तो कढईत, तळणीच्या उरलेल्या तेलात सापडतो.

वरण-भाताची जोडी मात्र निर्दोष आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. वर पिळलेल्या लिंबामुळे पालेभाजीतले लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलटे करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलणे बरे.

हे सगळे घरी करायचे तर प्रश्न पुन्हा वेळेचाच येतो. ब्राझीलने 2014 मध्ये राष्ट्रीय आहार मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्यात पोषकद्रव्यांच्या कोष्टकांपेक्षा ताज्या जिनसांवर, स्वयंपाक येण्यावर आणि त्यासाठी घरातल्या सर्वांनी वेळ काढण्यावर भर दिला. मराठीत कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवशिक्यांची भीती घालवली होती. ते पुस्तक मुलींच्या रुखवतात गेले, मुलांच्या हाती क्वचितच. सोलणे, निवडणे, कुकर लावणे ही कामे वाटली गेली नाहीत, तर वेळेचा प्रश्न एकाच माणसाच्या पाठीवर राहतो आणि तो बहुतेक घरांत बाईच्याच पाठीवर असतो.

शिळे अन्न हाही वेळ वाचवण्याचाच मार्ग, फक्त भाताबाबत सावध राहायला हवे. शिजवल्यावरही भातात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून असतात आणि उबदार हवेत ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. असा भात दुसऱ्या दिवशी फोडणीला चांगला. रात्रभर ओट्यावर राहिलेला टाकलेला बरा.

राहता राहिली डोंबिवली-ठाण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारी पोळीभाजी केंद्रे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पोळीला सर्वाधिक वेळ लागतो आणि तिच्यात तेल-मीठ बेताचे असते, तेव्हा पोळ्या विकत घेऊन भाजी, आमटी आणि कोशिंबीर घरी करणे ही सोयीची वाटणी आहे. सकाळी डाळ भिजवलेली असेल आणि भाजी निवडून ठेवलेली असेल, तर रात्री हे सगळे अर्ध्या तासात होते.