अडीच सूत की आठ एमएम?

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरखाली आडवं झालं की मागच्या अ‍ॅक्सलपाशी प्रॉपेलर शाफ्टची फ्लँज दिसते. दोन लोखंडी चकत्या तोंडाला तोंड लावून बसलेल्या, आणि त्यांना धरणारे चार बोल्ट. इंजिनाची सगळी ताकद या जोडातूनच चाकांकडे जाते. चाळीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या गाडीत हे चारही बोल्ट एका जातीचे निघाले तर नशीब समजायचं. मी हल्ली पाहिलेल्या एका गाडीत एकाच्या डोक्यावर तीन रेषा होत्या, दोघांची डोकी कोरी होती आणि चौथा चकचकीत स्टेनलेसचा, कुणीतरी हौसेने घातलेला.

ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने ती उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनवली. जुन्या ब्रिटिश बीएमसी इंजिनाचा जमाना इंचाचा, म्हणजे यूएनएफच्या बारीक आट्यांचा. पुढे इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं ते मिलिमीटरचं. त्यानंतर गॅरेजांनी या गाडीचं त्या गाडीला इतकं लावलं आहे की गाडीच्या सालावरून बोल्टचं माप सांगायला जाऊ नये. व्हर्निअर लावावा.

बाजारात इंचाची मापं अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ३/८ इंच म्हणजे तीन सूत, ५/१६ म्हणजे अडीच. तीन सुतात सहसा गफलत होत नाही, कारण साडेनऊ मिलिमीटरचा बोल्ट दुसरीकडे कुठे भेटत नाही. घोळ अडीच सुताचा. तो भरतो ७.९४ मिलिमीटर, आणि आठ एमएमचा बोल्ट आठ. बोटांना फरक कळत नाही. पानाही दगा देतो: अडीच सुताचं डोकं १२.७ मिलिमीटरचं, त्यावर तेराचा पाना बऱ्यापैकी बसतो. खरा फरक आट्यांत आहे. यूएनएफमध्ये इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिलिमीटर अंतर. नेहमीच्या आठ एमएममध्ये १.२५. चुकीचा नट एक-दोन फेरे हाताने जातो आणि अडतो. घाईतला माणूस तिथे लांब पाना उचलतो, आटे चिरडत नट पुढे सरकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण त्याने फ्लँज आवळलेली नसते, तो नुसता स्वतःच्या आट्यांत रुतलेला असतो.

थ्रेड गेज नसेल तर दोन बोल्ट आट्यात आटा घालून उजेडासमोर धरायचे. माप एकच असेल तर ते शेवटपर्यंत मिटून बसतात. नसेल तर चार-पाच आट्यांनंतर मधून उजेड दिसू लागतो.

मापानंतर ताकद. दुकानदार हमखास म्हणतो, “साहेब, टेन-नाईन घेऊन जा, जन्मात तुटणार नाही.” इथे बहुतेकांचा समज चुकतो. हा बोल्ट कात्रीत सापडलेल्या खिळ्यासारखा काम करत नाही. त्याचं काम दोन चकत्या आवळून धरण्याचं. ताकद जाते ती चकत्यांमधल्या घर्षणातून. तीन सुताचा ग्रेड ५ चा बोल्ट साधारण ३५ फूट-पाउंडांनी आवळला तर सुमारे अडीच टन दाब देतो, चार मिळून दहा टन. तेवढ्याच टॉर्कला आवळलेला ग्रेड ८ चा बोल्टही तेवढाच दाब देणार. जास्त ताकदीचा फायदा जास्त आवळला तरच, आणि तेव्हा नट, आटे आणि फ्लँज या सगळ्यांनी ते सोसायला हवं. ग्रेड ५ ची खूण तीन रेषा, ग्रेड ८ ची सहा. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं. नटही त्याच तोडीचा हवा. मऊ नटात भारी बोल्ट घातला की आटे नटाचे जातात. कोऱ्या डोक्याचा बोल्ट इथे नको, आणि स्टेनलेस तर मुळीच नको. साधारण मिळणारं स्टेनलेस ८.८ पेक्षा कमजोर असतं, शिवाय आवळताना त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात.

शँककडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बोल्टचा बिनआट्याचा गुळगुळीत भाग दोन्ही फ्लँजमधून आरपार जायला हवा. आटे जिथे सुरू होतात तिथे तीन सुताच्या बोल्टचा कामाचा छेद वीस टक्क्यांनी घटतो. तो भाग नेमका फ्लँजच्या सांध्यावर आला आणि जोड कधी घसरला, तर सगळा मार कमजोर जागी बसतो. उलट शँक फार लांब असेल तर नट त्यालाच टेकून थांबतो. पाना सांगतो टाइट, फ्लँज मात्र सैल. योग्य शँकचा बोल्ट लांब मिळाला तर तो घ्यावा आणि शेपटाकडून कापावा. नटाबाहेर दोन-तीन आटे उरले की पुरे.

स्प्रिंग वायसरवर माझा फारसा विश्वास नाही. आडवे हादरे बसून चकत्या घसरू लागल्या की नट सुटतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवलं. स्प्रिंग वायसर ते रोखू शकत नाही. पुरेसा दाब हाच पहिला बंदोबस्त, त्यावर नायलॉक नट, तोही दरवेळी नवा. हाताने सरसर फिरणारा जुना नायलॉक भंगारातच जावा.

मुंबईत या शोधात नागदेवी स्ट्रीट पालथी घालता येते, पण बारीक आट्याचा, खूण असलेला, नेमक्या शँकचा बोल्ट बऱ्याचदा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात सापडतो, कारण जुन्या मॅसी फर्ग्युसनलाही इंचाचेच आटे. चारही एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे घ्यावेत. शाफ्ट वेगाने फिरतो, त्याला कमी-जास्त वजन खपत नाही.

बसवताना फ्लँजची तोंडं तेल-ग्रीस पुसून कोरडी करायची. घर्षणावर चालणाऱ्या जोडात तेल राहिलं तर वरचा सगळा हिशेब चुकतो. आट्यांना तेल लावायचं असेल तर टॉर्क वीस-पंचवीस टक्के कमी धरायचा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे, नटापासून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढायची आणि दोन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा गाडीखाली जाऊन ती तुटली आहे का पाहायचं.