लिथियम आणि दुखण्यावरची गोळी

बंगळूरची ‘निम्हान्स’ ही मनोविकारांवरील उपचारांची राष्ट्रीय संस्था १९७४ साली स्थापन झाली. समजा, तेथून लिथियमची चिठ्ठी घेऊन कोणी बेळगावला परतला आहे. उन्माद आणि विषाद यांच्या हेलकाव्यांतून मन सावरणारा हा साधा क्षार. त्याचा हा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवून दिला. पण त्याचे माप मोठे काटेकोर! रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हवे. दीडच्या पुढे विषबाधेचे भय.

आता या गृहस्थांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणले. लिथियम बाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे. या गोळ्या तेथील प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्य घटवितात. लिथियमचा निचरा मंदावतो आणि नेहमीचीच मात्रा काही दिवसांत जड होते. हात जोराने थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, जुना आजारच उलटला! अशा वेळी विलंब न लावता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे.

पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक. मात्र आपल्याकडे कित्येक गोळ्यांत त्याच्या जोडीला आयबुप्रोफेनही असते, आणि ते वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते.